नाताळनंतरचं झाड लेथवर: एका नॉर्डमन फरचा हिशेब

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात हे झाड माझ्याकडे आलं. सण आटोपल्यावर ओळखीच्या घरातून ते बाहेर काढलं होतं आणि कचऱ्याच्या गाडीची वाट बघत भिंतीला टेकून उभं होतं. विचारून उचललं. उंची २.१ मीटर, बुंध्याचा व्यास ९ सेंटिमीटर, वजन ११ किलोच्या आसपास. एवढ्या झाडातून लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवत हत्याराने कातायच्या यंत्रावर, चढवण्याजोगं लाकूड किती निघतं? बुंधा खाली मनगटाहून जाड आणि शेंड्याला पेन्सिलीएवढा, म्हणजे लांबोळका शंकूच. त्या हिशेबाने जेमतेम साडेचार लिटर. बाकी सगळा पसारा फांद्या आणि सुयांचा.

त्या साडेचार लिटर लाकडाचं काय झालं, काय जमलं, काय फसलं आणि का फसलं, ते इथे नोंदवतो आहे. माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. या झाडाच्या गाठी कुठे आहेत ते आधी बघा, आणि जी वस्तू करायची तिचा मध्य पोकळ राहील असं बघा. या दोन गोष्टी सांभाळल्या तर लोक जे लाकूड हलकं म्हणून फेकतात त्यातून खरोखर चांगली वस्तू निघते. न सांभाळल्यास तडा ठरलेला.

आधीच्या वर्षीची चूक

हे मला कळलं ते आधीच्या वर्षी एक अख्खं झाड वाया घालवल्यावर. तेव्हा मी बुंध्याचे सरसकट १५-१५ सेंटिमीटरचे तुकडे केले, साल तशीच ठेवली आणि 'वाळू दे' म्हणून खोलीतल्या उबदार कोपऱ्यात रचले. वरच्या भागातून बोटभर जाडीच्या डझनभर चकत्याही कापल्या, पेल्याखाली ठेवायला. तीन आठवड्यांत एकही तुकडा धड उरला नाही. प्रत्येकाला सालीपासून गाभ्यापर्यंत सरळ चीर गेलेली, काही चिरांत नाणं उभं राहील एवढी फट. चकत्यांची अवस्था तर कापलेल्या केकसारखी.

यामागचं कारण समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. लाकूड वाळताना आकसतं, पण सगळ्या दिशांनी सारखं आकसत नाही. तंतूंच्या लांबीच्या दिशेने ते जवळपास आकसतच नाही. गाभ्यापासून सालीकडे, म्हणजे त्रिज्येच्या दिशेने, थोडं आकसतं. आणि वाढीच्या वर्तुळांच्या कडेकडेने, म्हणजे परिघाच्या दिशेने, त्याच्या साधारण दुप्पट आकसतं. आता अख्खी गोल चकती डोळ्यांसमोर आणा. परिघाला खूप लहान व्हायचंय, पण आतली त्रिज्या तेवढी कमी होत नाही. पट्टा घट्ट होत चाललाय आणि आतलं पोट तेवढंच आहे. अशा वेळी पट्टा तुटतो. तीच ती चीर.

नाताळच्या झाडात हे जास्त जोरात होतं. लागवडीतलं झाड खतपाण्यावर भराभर वाढलेलं असतं, वर्तुळं रुंद असतात, लाकूड कोवळं असतं, आणि बुंधा इतका बारीक की गाभा टाळून एखादी फळी काढावी म्हटलं तरी जागा नाही. मोठ्या झाडाचं तसं नसतं. न्यू यॉर्कच्या रॉकफेलर सेंटरसमोर उभं राहणारं झाड बहुधा वीस मीटरच्या वरचं असतं, आणि २००७ पासून सण संपला की त्याचं लाकूड चिरून 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' या संस्थेला घरबांधणीसाठी दिलं जातं. तिथे गाभा बाजूला ठेवून सरळ फळ्या पडतात. आपल्या ९ सेंटिमीटरच्या बुंध्यात गाभा टाळता येत नाही, म्हणून तो काढून टाकावा लागतो.

चकत्या करून ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. माझ्या मते या झाडाचा तो सगळ्यात वाईट उपयोग आहे. वाळल्यावर दहातल्या नऊ फुटतात, आणि जी एखादी शाबूत राहते तिच्या भरवशावर पुढच्या वर्षी पुन्हा कुणीतरी झाड चिरतं.

झाड वाचणं

या वेळी आधी झाड ओळखलं. त्याला पुस्तक लागत नाही, एक सुई पुरते. सुया दोन, तीन किंवा पाचच्या जुडीत उगवलेल्या असतील तर पाइन. एकेकटी सुई चिमटीत धरून फिरवली आणि चौकोनी काडीसारखी फिरली, आणि उपटल्यावर फांदीवर खुंटीसारखा बारीक उंचवटा राहिला, तर स्प्रूस. सुई चपटी, चिमटीत न फिरणारी, खालून दोन पांढुरके पट्टे असलेली, आणि उपटल्यावर फांदीवर गुळगुळीत गोल वण ठेवणारी असेल तर फर. माझं झाड फर होतं, त्यातला नॉर्डमन: मूळचा कॉकेशसच्या डोंगरांतला, आणि आता सुया लवकर गाळत नाही म्हणून युरोपात सणासाठी मुद्दाम लावला जाणारा.

ओळख पटवण्याचा कातारी, म्हणजे लेथवर लाकूड कातणाऱ्या, माणसाला थेट उपयोग होतो. पाइन, स्प्रूस आणि डग्लस फर यांच्या लाकडात राळेच्या नळ्या असतात. कातताना हत्यार चिकट होतं, पॉलिश पेपर दोन फेऱ्यांत भरून जातो. खऱ्या फरच्या निरोगी लाकडात अशा नळ्या नसतात, राळ असते ती सालीवरच्या फोडांत. (फरच्या एका भावंडाच्या, बाल्सम फरच्या, सालीतली ही राळ म्हणजेच कॅनडा बाल्सम. भिंगं आणि सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या चिकटवायला ती पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली.) तेव्हा फरची साल एकदा सोलली की खालचं लाकूड पांढरंफेक आणि चक्क कोरडं लागतं. साल सोलताना हात मात्र चिकटतातच. नुसत्या साबणाने ती राळ हलत नाही; आधी हाताला तेल चोळावं, मग साबण.

नंतर कडी मोजली. ही झाडं दर वर्षी शेंड्याला एक नवा कोंभ काढतात आणि त्याच्या बुडाशी चार-सहा फांद्यांचं एक कडं फुटतं. पुढच्या वर्षी त्याच्या वर दुसरं कडं. बांबूला किंवा उसाला पेर असतं तसंच हे, एक पेर म्हणजे एक वर्ष. माझ्या झाडावर सात कडी दिसत होती. तळाची एक-दोन विक्रीच्या वेळी छाटली गेलेली असणार, आणि रोपवाटिकेतली पहिली वर्षं वेगळी. म्हणजे हे झाड नऊ-दहा वर्षांचं. माणूसभर उंचीचं झाड तयार व्हायला साधारण एवढाच काळ लागतो. दहा वर्षं वाढलेलं झाड चार आठवडे घरात उभं राहतं, हे लक्षात आल्यापासून मला ते उचलल्याशिवाय पुढे जाववत नाही.

कड्याच्या जागी आत पाच गाठी चाकाच्या आऱ्यांसारख्या गाभ्यापासून बाहेर गेलेल्या असतात. सुतारासाठी हा दोष. कातणाऱ्यासाठी तीच या लाकडातली एकमेव खरी नक्षी आहे, कारण बाकीचं लाकूड इतकं फिकट आणि सपाट असतं की गाठी काढल्या तर बघण्यासारखं काहीच राहत नाही.

तेव्हा करवत चालवली ती मोजपट्टी बघून नाही, कडी बघून. खालच्या तीन कड्यांचे तीन ठोकळे केले, प्रत्येकाच्या साधारण मध्यावर कडं येईल असे. मधली पेरं वेगळी काढली, मुठींसाठी. नॉर्डमनच्या पेरांवरही मधे मधे बारीक फांद्या फुटतात, त्यामुळे ती अगदी निर्मळ नसतात, पण चालतात. कापल्या कापल्या दोन्ही टोकांना मेण लावलं. पाणी सगळ्यात वेगाने टोकांतून उडतं, आणि चीर तिथूनच सुरू होते.

करवतीआधी आणखी एक काम असतं, ते कंटाळा न करता करावं: धातू शोधणं. सजावटीची बारीक तार, स्टेपलच्या पिना, दिव्यांच्या माळेचा एखादा आकडा, आणि बुंध्यात स्टँडच्या स्क्रूंनी पाडलेली भोकं. मला एक तार सालीत रुतलेली सापडली. ती पटाशीला सापडली असती तर धार गेली असतीच, शिवाय ती उडाली कुठे असती ते सांगता येत नाही. पांढरा फवारा किंवा रंग मारलेलं झाड मी घेतच नाही.

पेला

तिसऱ्या ठोकळ्यापासून सुरुवात केली, त्याच दिवशी, लाकूड ओलं असतानाच. फांद्यांचे खुंट करवतीने बुंध्यालगत कापून घेतले, ठोकळा लेथच्या दोन टोकदार केंद्रांमध्ये धरला, मिनिटाला ८०० फेऱ्यांवर रफिंग गाउजने (पन्हळीसारख्या पात्याच्या हत्याराने) गोल केला, एका टोकाला चकसाठी, म्हणजे लेथच्या पकडणाऱ्या जबड्यासाठी, बुडखा काढला आणि चकमध्ये घट्ट धरला.

ओला फर कातताना भुसा उडत नाही. लांब ओल्या फिती निघतात, आणि त्यांच्यासोबत पाण्याचे बारीक तुषार चष्म्यावर येतात. हातात हत्यार लोण्यातून जावं तसं जातं आणि मग अचानक गाठीवर ठक्‌कन आपटतं. एका फेरीत पाच वेळा मऊ, पाच वेळा टणक. हत्यार जरा जोरात रेटलं की गाठींवरून उसळतं आणि मधलं मऊ लाकूड जास्त खाल्लं जातं. पेला गोल न राहता पाचकोनी व्हायला लागतो. उपाय जुनाच आहे: धार ताजी, हत्याराची पाठ लाकडाला टेकलेली, काप अगदी पातळ, आणि घाई नाही. एका पेल्यासाठी मी गाउज चार वेळा धारेला नेला.

मधून आधी बोअरिंग बिटने भोक पाडलं. गाभा तिथेच गेला. मग आतून पोखरत भिंत ४ मिलिमीटरवर आणली. जाडी मोजायला कॅलिपर आहेच, पण ओल्या लाकडाला आणखी एक सोय असते: खोलीतला दिवा मालवून पेल्यामागे बल्ब धरला की पातळ झालेली भिंत उजळते. जिथे उजेड जास्त तिथे थांबायचं, जिथे अंधार तिथे आणखी काढायचं. गाठींच्या जागी तांबूस ठिपके दिसतात, पाचही एका रेषेत. तो क्षण बघण्यासाठी मी हे काम पुन्हा करीन.

भिंत एवढी पातळ आणि मध्य पोकळ झाला की मघाचं भांडण मिटतं. आता आकसणाऱ्या पट्ट्याच्या आत पोटच नाही. कडं स्वतःशीच लहान होऊ शकतं. फक्त तळात गाभा उरतो, आणि तडा जायचा तर तिथेच जाणार. म्हणून तळ ६ मिलिमीटरवर आणला, गाभ्याच्या ठिपक्यावर १० मिलिमीटरचं भोक पाडलं आणि पेला वाळल्यावर त्यात वेगळ्या, आधीच वाळलेल्या लाकडाची गुडदी बसवली.

लेथवरून उतरल्यावर पेला ८४ ग्रॅम भरला. कागदी पिशवीत ओल्या फितींसकट ठेवला आणि रोज संध्याकाळी तोलला. पहिल्या तीन दिवसांत वजन भराभर उतरलं, मग हळूहळू, आणि अकराव्या दिवशी ५३ ग्रॅमवर थांबलं. तोंडाचा व्यास ७५ मिलिमीटरचा ७२ झाला. तडा एकही नाही.

बदल झाला तो वेगळाच. बोट फिरवलं तर भिंत गुळगुळीत, आणि पाच ठिकाणी टाचणीच्या डोक्यासारखे उंचवटे. गाठी बाहेर आल्या होत्या. गाठ म्हणजे आडवी गेलेली फांदी. तिचे तंतू भिंतीच्या जाडीतून आरपार जातात, आणि तंतूंच्या लांबीच्या दिशेने लाकूड आकसत नाही हे वर आलंच आहे. भिंत पातळ झाली, गाठ होती तेवढीच राहिली. पहिला विचार आला की घासून सपाट करावं. तसं केलं नाही. अंधारातही हाताला कळतं की इथे फांदी होती, आणि मला ते आवडतं.

पॉलिश पेपरबद्दल एक सूचना करावीशी वाटते. या लाकडात प्रत्येक वर्तुळाचा वसंतातला भाग मऊ आणि उन्हाळ्याअखेरचा कठीण असतो. लेथ चालू ठेवून खूप वेळ घासलं की मऊ भाग खोलगट होतो आणि पृष्ठभाग लाटालाटांचा होतो. शेवटचा काप तिरक्या पटाशीने किंवा ताज्या धारेच्या गाउजने इतका स्वच्छ घ्यावा की पेपरला फार काम उरू नये, आणि उरलेलं घासणं लेथ थांबवून, हाताने, तंतूंच्या दिशेने. मास्क लावूनच.

शेवटी तेल. जवसाच्या तेलाचे चार हात, प्रत्येक हातानंतर दोन दिवस. तेल मुरलं की पातळ भिंत पुन्हा थोडी पारदर्शक होते. हे तंत्र नॉरफोक आयलंड पाइनवर फार सुंदर दिसतं. ते नावापुरतंच पाइन, पण त्यालाही अशीच फांद्यांची कडी असतात, आणि हवाईच्या रॉन केंट या कातारी कलावंताने त्याचे कागदासारखे पातळ, दिव्यासारखे उजळणारे वाडगे करून ते जगभर नेले. फरमध्ये तेवढा मधाळ रंग येत नाही. तरी खिडकीत ठेवलेल्या या पेल्यात सकाळी पाच तांबूस डोळे उघडतात. खरी मेणबत्ती यात लावू नये, भिंत ४ मिलिमीटरची आहे. लहान बॅटरीचा दिवा चालतो.

मुठी, आणि उडालेली गाठ

पेरांपासून कानशींच्या तीन मुठी केल्या. मुठीला कानशीचं शेपूट, म्हणजे तिचं मागचं निमुळतं टोक, बसवायला मधोमध भोक लागतंच, आणि गाभाही मधोमधच असतो, म्हणजे एकाच कामात दोन्ही. भोक पाडून, ३ सेंटिमीटर व्यासाला उतरवून वाळवल्या. तिन्ही शाबूत आहेत. लाकूड मऊ असल्याने शेपटाच्या बाजूला पितळी कडं ठोकावंच लागतं, नाहीतर मूठ तिथे फाटेल. हातोडीच्या किंवा पटाशीच्या मुठीला हे लाकूड देऊ नये.

सगळ्यात खालचा ठोकळा फसला. त्यातल्या दोन फांद्या झाड उभं असतानाच सावलीत मेल्या होत्या. जिवंत फांदीची गाठ बुंध्याच्या लाकडाशी एकजीव असते. मेलेल्या फांदीभोवती बुंधा वाढत जातो, पण तिच्याशी जुळत नाही; मधे काळी साल अडकते आणि गाठ बुचासारखी सुटी राहते. ती काळी रिंग मला दिसली होती. तरी 'बघू' म्हणून पुढे गेलो. भिंत ८ मिलिमीटरवर आली आणि गाठ सुटून थेट चेहऱ्यावरच्या शील्डवर आदळली. शील्डवर ओरखडा आहे, मला काही झालं नाही. काळी रिंग दिसली की तो ठोकळा लेथवर चढवायचा नाही, हा आता माझ्याकडे नियम आहे.

उरलेला पसारा

शेंड्याच्या कड्याची रवी केली. यात माझं कर्तृत्व काही नाही. उत्तर युरोपात शतकानुशतकं शेंड्याच्या कड्याच्या फांद्या बोटभर ठेवून, साल सोलून, ढवळणी करतात. जर्मनमध्ये क्विर्ल हा एकच शब्द फांद्यांच्या कड्यालाही आहे आणि या ढवळणीलाही, आणि ती हातात घेतल्यावर तसं का हे सांगावं लागत नाही. दोन तळव्यांत धरून रवीसारखीच फिरवायची. अशी ढवळणी स्वयंपाकात वापरणारे आहेत. माझ्या झाडावर शेतात कसली फवारणी झाली होती ते मला माहीत नव्हतं, म्हणून ही रवी तेल आणि वॉर्निश ढवळायला कामशाळेत राहिली.

मधल्या जाड फांद्या बुंध्याच्या चिमूटभर तुकड्यासकट कापल्या की भिंतीवरचे आकडे होतात, फक्त साल काढून आणि वाळवून. लांब फांद्या सुयांसकट वाफ्यावर पसरल्या, थंडीत मुळं झाकायला. वसंतात सुया झडतील तेव्हा त्याच काटक्या वेलांना आधार म्हणून उभ्या राहतील. सुयांनी माती आंबट होते असं सांगतात. पसरून टाकलेल्या सुयांनी मातीचा आम्लपणा लक्षात येईल एवढा बदलत नाही. वाळलेल्या फांद्या घरातल्या शेगडीत घालू नयेत. सुया भडका घेतात आणि ठिणग्या धुराड्यात चढतात.

बाकीचं चिपरला, म्हणजे लाकडाचे बारीक तुकडे करणाऱ्या यंत्राला, दिलं. एका कातारी माणसाच्या हातून वर्षाला दोन-तीन झाडं जातील, तर एकट्या अमेरिकेत दर वर्षी अडीच-तीन कोटी खरी झाडं विकली जातात. तेव्हा मोठा भार दुसऱ्याच वाटांनी उचलला जाणार. इंग्लंडच्या लँकेशर किनाऱ्यावर स्वयंसेवक ही झाडं वाळूत ओळीने पुरतात, फांद्यांत वारा अडतो, वाळू साचते आणि टेकडी वाढते. अमेरिकेतल्या कित्येक जलाशयांत ती वजन बांधून बुडवतात, लहान माशांना लपायला. यातलं काहीच जमलं नाही तरी निदान कचराभूमीत जाऊ देऊ नये. ब्रिटनच्या कार्बन ट्रस्ट या संस्थेने मांडलेल्या हिशेबानुसार दोन मीटरचं झाड कचराभूमीत कुजलं तर सुमारे १६ किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार हवेवर पडतो, कारण हवा न मिळता कुजताना मिथेन निघतो. तेच झाड चिपरमधून मातीवर गेलं तर सुमारे साडेतीन किलो.

दुसरा ठोकळा अजून कातलेला नाही. टोकांना मेण लावून, ओल्या भुशाच्या पिशवीत, थंड जागी ठेवला आहे. त्यातलं कडं मध्यापासून थोडं वर आलंय, म्हणून पेल्याऐवजी रुंद तोंडाचं, खाली निमुळतं भांडं करायचं ठरवलंय, पाचही गाठी काठाच्या बोटभर खाली येतील असं. एक गाठ इतरांपेक्षा गडद आहे. करवतीचा काप ओला करून भिंगाखाली दोनदा बघितली. काळी रिंग नाही.